ओपिऑइड पेनकिलर चालू आहे? मग पोटाच्या बाबतीत या चुका टाळा

ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन, फेंटॅनिलचा पॅच, ही सगळी एकाच घराण्यातली औषधं, ओपिऑइड. मणक्याच्या ऑपरेशननंतर मी ट्रॅमाडॉलवर होतो तेव्हा दुखणं किती कमी झालं एवढंच बघत बसलो, पोटाकडे लक्षच नाही, आणि चौथ्या दिवशी पोट असं काही तट्ट फुगलं की टाक्यांपेक्षा तेच जास्त छळायला लागलं. तेव्हापासून या विषयावर जरा जास्तच वाचलंय म्हणा.

"पोट साफ नाही झालं तर बघू नंतर"

इथेच गाडी अडते. ही गोळी मेंदूतल्या ज्या म्यू रिसेप्टरवर (औषध जिथे जाऊन चिकटतं ती पेशीवरची जागा) काम करते तेच रिसेप्टर आतड्यातल्या नसांच्या जाळ्यातही असतात, त्यामुळे आतड्याची हालचाल मंदावते, पाचक स्राव कमी होतात, मळ आत रेंगाळतो आणि सुकून त्याचा खडा होतो. मळमळ, गुंगी यांची शरीराला काही दिवसांत बऱ्यापैकी सवय होते, बद्धकोष्ठतेची मात्र सहसा होत नाही. म्हणून पेनकिलर लिहून घेतानाच डॉक्टरांना विचारा की सोबत रेचक कोणतं घेऊ, सेना (म्हणजे सोनामुखी) किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल असं काहीतरी ते देतात. स्वतःच्या मनाने इसबगोल मात्र नको, कारण ते आत फुगतं आणि आतडं पुढे ढकलतच नसेल, त्यात पाणीही कमी पडलं, तर आतच अडकून बसतं. रेचकाने काहीच होत नसेल तर फक्त आतड्यातला परिणाम रोखणारी नॅलॉक्सेगॉल, मिथाइलनॅल्ट्रेक्सोनसारखी वेगळी औषधं आहेत, त्याबद्दल विचारा.

"बद्धकोष्ठताच तर आहे"

नाही, नुसती तेवढीच नाही. आतडं मंदावलं की तिथल्या बॅक्टेरियांचं गणितही बिघडतं. उंदरांना मॉर्फिन देऊन केलेल्या प्रयोगांत चांगले बॅक्टेरिया कमी झाले, एन्टरोकॉकससारखे संधीसाधू वाढले, आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे सैल पडले आणि बॅक्टेरिया तिथून निसटून आतड्याजवळच्या लसिका गाठींपर्यंत, यकृतापर्यंत पोचले. त्यात मॉर्फिन रोगप्रतिकारक पेशींनाही सुस्त करतं, म्हणजे कुंपण मोडलेलं आणि राखणदार झोपलेला. माणसांचं म्हणाल तर २०१८ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास आहे, त्यात ओपिऑइड घेणाऱ्यांमध्ये न्यूमोकॉकसच्या, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या एका बॅक्टेरियाच्या, गंभीर संसर्गाचा धोका साधारण १.६ पट दिसला, आणि जास्त डोसवाल्यांमध्ये तो आणखी जास्त होता. आता यात सगळा दोष आतड्यावर टाकता येणार नाही हं, गुंगीमुळे खोकलाही दबतो, श्वास उथळ होतो, छातीत कफ साठतो. वयस्कर माणूस असेल तर न्यूमोकोकल लशीबद्दल विचारून ठेवा.

बरेच जण इथे लगेच प्रोबायोटिकची कॅप्सूल शोधायला धावतात. प्रतिकारशक्ती आधीच खूप कमी झालेल्या माणसात, म्हणजे केमो वगैरे चालू असताना, त्या कॅप्सूलमधलेच बॅक्टेरिया क्वचित रक्तात जाऊन संसर्ग करतात, तेव्हा न विचारता नकोच.

जुलाब दिसले की लगेच ते थांबवायची गोळी

सगळ्यात फसवी जागा ही. चार-पाच दिवस पोट साफ नाही आणि मग अचानक थोडं थोडं पातळ व्हायला लागलं, तर ते बहुतेक वेळा जुलाब नसतात, आत खडा तसाच असतो आणि त्याच्या कडेने पाणी गळत असतं. त्यावर लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायची नेहमीची गोळी, घेतली तर झालंच, कारण लोपेरामाइड स्वतःच ओपिऑइड आहे, फक्त नेहमीच्या डोसमध्ये ती मेंदूपर्यंत पोचत नाही एवढंच.

अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच झालाय, पाण्यासारखे जुलाब होतायत, पोटात मुरडा आणि ताप, तर सी. डिफ नावाच्या बॅक्टेरियाचा संसर्ग असू शकतो, तिथे आतडं थांबवणाऱ्या गोळ्या उलट अंगावर येतात, आधी तपासणी.

आणि तिसरा प्रकार, गोळी एकदम बंद केली. बरेच दिवस घेऊन अचानक सोडली की एक-दोन दिवसांत जुलाब, पोटात कळा, नाक गळणं, अंगावर काटा, घाम, बेचैनी सुरू होते. लोकांना वाटतं बाहेरचं काही खाल्लं म्हणून पोट बिघडलं आणि मग ते अँटिबायोटिक खातात, म्हणजे आधीच हललेले बॅक्टेरिया अजून झोपवायचे! डोस हळूहळू कमी करायचा असतो, आणि तोही डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे.

ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही?

पाकिटावरची नावं वाचा. ट्रॅमाडॉल किंवा कोडीनच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, ते ताप खाली आणतं आणि संसर्ग उशिरा लक्षात येतो. ताप मोजायचा तर पुढची गोळी घ्यायच्या आधी मोजा. अंगात थंडी भरली, धाप लागली, बोलण्यात गोंधळ झाला किंवा पोट फुगून दगडासारखं झालं आणि उलट्या, वारासुद्धा सरत नाही, तर थर्मामीटर काय म्हणतो ते बघत न बसता तडक हॉस्पिटल गाठा, आणि तिथे कोणती गोळी किती दिवस चालू आहे हे आधी सांगा.