एक्स-रे फिल्मवर लार्ज फॉरमॅट फोटो: फिल्म घेण्यापासून निगेटिव्ह वाळेपर्यंत

लार्ज फॉरमॅट म्हणजे ज्यात फिल्मचा एकेक मोठा सुटा तुकडा (शीट) घालतात तो कॅमेरा. अशा ८×१० इंची कॅमेऱ्याला फोटोग्राफिक शीट फिल्म बाहेरून मागवायची म्हटलं तर एकेका क्लिकला धस्स होतं, मग माणूस स्टँड लावतो, काळ्या कापडात डोकं घालून फोकस करतो, आणि हा फ्रेम एवढ्या किमतीचा आहे का असा विचार करून सगळं परत गुंडाळतो. अशाने हात कधी बसणार? एक्स-रे फिल्म खूप स्वस्त पडते हे तर आहेच, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती लाल उजेडात हाताळता येते. निगेटिव्ह डोळ्यासमोर तयार होताना दिसतं आणि कुठे थांबायचं ते बघून ठरवता येतं, शिकणाऱ्याला यासारखं दुसरं काही नाही.

आधी खरेदी, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. हल्ली बहुतेक हॉस्पिटलं डिजिटल झालीत आणि जी निळसर फिल्म पेशंटच्या हातात देतात ती प्रिंटरमधून उष्णतेवर छापलेली ड्राय फिल्म असते. ड्रायस्टार, ड्रायव्ह्यू असलं काही बॉक्सवर असेल तर घेऊ नका, डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या केमिकलमध्ये) ती चालत नाही. लेझर इमेजिंगची फिल्म पण नको. दुकानात स्पष्ट सांगायचं की कॅसेटमध्ये (एक्स-रेच्या चपट्या डब्यात) घालून हाताने धुवायची कन्व्हेन्शनल एक्स-रे फिल्म पाहिजे. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला विचारा, नाहीतर आपल्या गावच्या सर्जिकल डीलरला, आणि ज्या छोट्या क्लिनिकमध्ये अजून डार्करूम आहे तिथल्या टेक्निशियनला तर नक्कीच भेटा, त्यांना यातलं खूप माहिती असतं. एक्सपायर झालेला बॉक्स फुकट मिळाला तर घ्या, पण आधी एक तुकडा कॅमेऱ्यात न घालता तसाच डेव्हलप करून किती काळा पडतो ते बघा.

ही फिल्म दोन प्रकारात येते, ब्लू सेन्सिटिव्ह आणि ग्रीन सेन्सिटिव्ह. कॅसेटच्या आत दोन्ही बाजूंना स्क्रीन म्हणजे चमकणारे पत्रे असतात, एक्स-रे पडला की त्या निळ्या किंवा हिरव्या चमकतात आणि फिल्मवर चित्र मुख्यतः त्या उजेडाने उमटतं. म्हणजे ही फिल्म मुळातच उजेडासाठी बनवलेली आहे, म्हणून तर ती कॅमेऱ्यात चालते. आणि स्क्रीन दोन म्हणून इमल्शन (ज्यावर चित्र उमटतं तो थर) पण दोन्ही बाजूंना, कोडॅकने १९१८ मध्ये अशी दुहेरी फिल्म आणली तेव्हापासून हेच चालत आलंय. आपल्याला त्याचे दोन परिणाम भोगायला लागतात: ओली असताना कुठलीही बाजू ओरखड्यापासून सुरक्षित नसते, आणि मागे अँटी-हॅलेशनचा, म्हणजे उजेड परत उसळू न देणारा थर नसल्याने खिडकी, बल्ब, चमकणारं पाणी यांच्याभोवती उजेड पसरतो. माणसांच्या फोटोसाठी ग्रीन सेन्सिटिव्हच घ्या, तिचे टोन जास्त भरलेले येतात.

कॉइन टेस्ट म्हणजे नाण्याची चाचणी केल्याशिवाय लाल लाइट वापरू नका. रंग दिलेल्या लाल झिरोच्या बल्बमधून बाकीचा उजेड पण गळतो, त्यापेक्षा चांगला लाल एलईडी बरा. फिल्मची एक पट्टी लाल लाइटखाली ठेवायची, वर एक नाणं, जितका वेळ काम करणार तितका वेळ म्हणजे दहाएक मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग पूर्ण अंधारात डेव्हलप करायची. नाण्याचा गोल दिसला तर लाइट लांब न्या नाहीतर बदला.

४×५ इंची कॅमेरावाल्यांनी ८×१० ची शीट चार तुकड्यांत कापायची, पण बरोब्बर निम्मं निम्मं केलं तर होल्डरमध्ये (कॅमेऱ्यात फिल्म धरणाऱ्या चौकटीत) अडकतं, कारण ४×५ ची फिल्म खरी चार इंचाला जरा कमीच असते. प्रत्येक तुकडा लांबी आणि रुंदी दोन्हीला दीड-दोन मिलिमीटर कमी ठेवा. ट्रिमरवर स्वच्छ कागद घाला, फिल्म कडेनेच धरा, आणि ती पृष्ठभागावर सरकवू नका, उचलून ठेवा. पुढची-मागची बाजू कुठली हा प्रश्न दुहेरी फिल्मला येतच नाही.

आता एक्सपोजर. या फिल्मला लाल दिसत नाही, ब्लू सेन्सिटिव्हला तर हिरवा पण नाही. कपाळावरचं कुंकू काळं, लाल जास्वंद काळी, जांभ्या दगडाची भिंत गडद, ओठ गडद, आणि निळं आकाश जवळजवळ पांढरं. आपली त्वचा पण डोळ्याला दिसते त्यापेक्षा सावळी येते, चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग आणि सुरकुती उठून दिसते, म्हाताऱ्या माणसांचे चेहरे यात इतके जिवंत येतात की बघत राहावं, पण लग्नाच्या फोटोची अपेक्षा असेल त्याला आधीच सांगून ठेवा. पोर्ट्रेटला उजेड मोजणाऱ्या मीटरपेक्षा एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्या असं मी सांगेन.

सुरुवात आयएसओ ८० (हा फिल्मचा स्पीड) धरून करा. भर उन्हात एफ ३२ ला साधारण १/२० सेकंद येतं. उघड्या सावलीत उजेड निळसर असतो म्हणून फिल्म तिथे खूश असते, पण संध्याकाळी उजेड पिवळा होत जातो, मीटरला तो दिसतो आणि फिल्मला दिसत नाही, तेव्हा एक-दोन स्टॉप वाढवायचे. पिवळ्या बल्बखाली त्याहून जास्त, फ्लॅशला मात्र काही त्रास नाही. लाल फिल्टर लावलात तर फिल्मवर काहीच येणार नाही. तुमच्या डेव्हलपरला खरा स्पीड कुठला ते कळायला एकच शीट पुरते: डार्क स्लाइड (होल्डरचं सरकतं झाकण) पूर्ण काढून एक एक्सपोजर, मग स्लाइड पाव आत ढकलून तेवढंच परत, मग निम्मी आत आणि दुप्पट, मग पाऊण आत आणि चौपट. एका निगेटिव्हवर प्रत्येकी एका स्टॉपच्या फरकाने चार पट्टे मिळतात.

डेव्हलपिंगला घाई नको. हॉस्पिटलचा एक्स-रे डेव्हलपर खूप जोरात काम करतो, हाड आणि मांस वेगळं दिसावं म्हणून काँट्रास्ट मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, आपल्याला त्याच्या उलट पाहिजे. रोडिनल हा तयार डेव्हलपर मिळाला तर उत्तम, १:१०० म्हणजे एक भाग तो आणि शंभर भाग पाणी, २० डिग्रीला ६-७ मिनिटं धरा आणि एका ८×१० शीटला एक लिटर ताजं घ्या. नाही मिळाला तर डी-७६ हा दुसरा डेव्हलपर घरी बनवा: ७५० मिली गरम (५० डिग्रीच्या आसपास) पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, याच क्रमाने, प्रत्येक वस्तू विरघळल्यावरच पुढची, आणि शेवटी पाणी घालून १ लिटर. फक्त त्या सल्फाइटमधलं चिमूटभर मेटॉलच्या आधी टाका. पावडर वजन करताना मास्क आणि हातमोजे लागतातच, मेटॉलने काहींच्या त्वचेला त्रास होतो. वापरताना एक भाग हे आणि तीन भाग पाणी.

ट्रेच्या तळाशी कडा घासलेली गुळगुळीत काच ठेवा, बहुतेक ट्रेच्या तळाला उंचवटे असतात आणि तेच मागची बाजू खरवडतात. एका वेळी एकच शीट, आणि फिल्म हलवण्याऐवजी ट्रे हलवा, एक कोपरा किंचित वर, मग दुसरा. अधूनमधून एका कोपऱ्याला धरून शीट उचला म्हणजे खालच्या बाजूला पण ताजं केमिकल पोचेल. टेक्निशियन लोकांची पद्धत याहून चांगली, स्टीलच्या क्लिप हँगरला फिल्म ताणून उभ्या टँकमध्ये सोडायची, कशालाच टेकत नाही. जुना हँगर मिळाला तर सोडू नका.

मिनिटाभरात चित्र यायला लागतं. शेवटी शेवटी शीट उचलून लाल लाइटकडे धरायची, पण तेव्हा फिल्म दुधाळ असते म्हणून निगेटिव्ह आहे त्यापेक्षा गडद भासतं, फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणाऱ्या केमिकलमध्ये) गेल्यावर ते बरंच उतरतं. म्हणून जरा जास्तच काळं झालं असं वाटेपर्यंत थांबा. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच ३० च्या वर असतं, त्यात इमल्शनमधलं जिलेटिन इतकं मऊ होतं की बोटाने सुटून येईल. बर्फाच्या परातीत ट्रे ठेवून २४ पर्यंत तरी आणा, वेळ साधारण एक तृतीयांशाने कमी करा, आणि डेव्हलपर, पाणी, फिक्सर तिन्हींचं तापमान सारखं ठेवा. डेव्हलपिंग थांबवणाऱ्या स्टॉप बाथऐवजी साधं पाणी चालतं. फिक्सर हार्डनरवाला (जिलेटिन कडक करणारा) घ्या, दुधाळपणा जायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ आत ठेवा, मग मोठा लाइट लावायला हरकत नाही. वीसेक मिनिटं धुवा, शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रवाचे) थेंब टाका, कोपऱ्याला चिमटा लावून पंखा बंद असलेल्या खोलीत टांगा.

दोन बाजूंची दोन चित्रं असल्याने शार्पनेस जरा कमी भासतो, काँटॅक्ट प्रिंटला (निगेटिव्ह थेट कागदावर टेकवून काढलेल्या) ते जाणवत नाही, सायनोटाइप आणि सॉल्ट प्रिंट या छपाईच्या जुन्या पद्धतींना तर हे दाट निगेटिव्ह फार छान बसतं. तरी नको असेल तर वाळलेली शीट काचेवर चारही कडांनी घट्ट टेप करून वरच्या इमल्शनला घरातलं ब्लीच ब्रशने लावा, ते सुटून येतं, मग धुवा. डेन्सिटी निम्मी होते, म्हणून अशी निगेटिव्ह मुळात जास्त डेव्हलप केलेली पाहिजेत. ब्लीच आणि फिक्सर कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू होतो, खिडकी उघडी ठेवा.

वापरलेला फिक्सर मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा आणि वर नाव लिहा, हॉस्पिटलांकडून जुना हायपो (म्हणजे फिक्सरच) विकत घेणारे लोक असतात, ज्या टेक्निशियनकडून फिल्म घेतली त्यालाच विचारलं की त्यांचा पत्ता लागतो.