जिरेनियमचा उन्हाळा: आधी कुंडी झाका, मग बाकीचं बघा

जिरेनियमची उन्हाळ्याची तयारी म्हटली की सगळे पानांचा विचार करतात. तयारी सुरू होते ती कुंडीपासून. कुंडीच्या अंगावर ऊन पडता कामा नये. झाडावर नव्हे, कुंडीवर! मागच्या उन्हाळ्यात मी वरून हिरवी जाळी बांधली, पाणी बेताने घातलं, आणि नेमकी कुंडी झाकायची राहिली. चांगली भरलेली झाडं बुडापासून गेली. म्हणून ही गोष्ट खाली पुन्हा पुन्हा येईल, आणि ती प्रत्येक वेळी वाचा.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे आळस होणार नाही. कुंडीतली मुळं वाढत वाढत कडेला जातात आणि आतल्या भिंतीला चिकटून फिरतात. पाणी ओढणारी कोवळी पांढरी टोकं बरीचशी तिथेच असतात. दुपारनंतरचं तिरपं ऊन वरच्या जाळीखालून घुसून थेट त्याच भिंतीवर पडतं. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत उन्हाकडच्या बाजूची माती ५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचू शकते, आणि ४० अंशांच्या पुढे बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ थांबते आणि त्यांना इजा होऊ लागते. मुळं भाजली की पाणी वर चढत नाही. माती ओली असूनही झाड मान टाकतं. आपल्याला वाटतं तहान लागली, आपण आणखी पाणी घालतो, आणि भाजलेली मुळं त्या कोमट चिखलात कुजतात. खोडाचा बुडखा काळा पडला की खेळ संपला. त्यावर औषध शोधत बसू नका. वरचा शेंडा अजून निरोगी असेल तर तो कापून वेगळा लावा.

तर कुंडी झाकायची कशी? सगळ्यात सोपं म्हणजे एका कुंडीत दुसरी कुंडी. बाहेरची थोडी मोठी घ्या, मधल्या फटीत नारळाचा काथ्या किंवा सुका पाला भरा. बाहेरच्या कुंडीला तळाशी भोक हवंच. मोठी कुंडी नसेल तर गोणपाट गुंडाळा, किंवा फिकट रंगाचं जाड कापड. काळी कुंडी बाहेरून पांढरी रंगवली तरी फरक पडतो. कुंड्या पुष्कळ असतील तर एकमेकींना खेटून ठेवा आणि पश्चिमेच्या बाजूला एखादी काटक झाडाची कुंडी किंवा फळी आडवी लावा. मातीची कुंडी भिंतीतून पाणी सोडते म्हणून थोडी गार राहते, पण लवकर सुकते, आणि तिच्यावरही थेट ऊन नकोच. जमिनीचं विसरू नका. तापलेली फरशी कुंडीला खालून भाजते, तेव्हा विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर कुंडी उचलून ठेवा. झालं की दुपारी ऊन कलल्यावर जाऊन कुंडीच्या भिंतीला तळहात लावून बघा. हाताला चटका बसला, तर मुळांना बसतोच आहे. जागा बदला. आजच बदला.

वरची सावली: सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन द्या, दुपारचं अडवा. ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, जाळी पुरते. पूर्ण अंधारात नेऊ नका, फांद्या लांबट होतात.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे प्रेमापोटी झाडं मारली जातात. जिरेनियम म्हणून आपण जी कुंडीत लावतो ती पेलार्गोनियमं. या वंशातल्या पुष्कळ रानटी जाती दक्षिण आफ्रिकेच्या नैऋत्य टोकाकडच्या आहेत. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो, आणि त्यातल्या कित्येक जाती उन्हाळ्यात पानं गाळून गप्प बसतात. आपल्या कुंडीतल्या संकरित जाती तितक्या टोकाच्या नाहीत, पण ओली माती आणि उष्णता एकत्र आली की त्यांनाही सोसत नाही. वरची दोनेक सेंटिमीटर माती कोरडी झाली की सकाळी लवकर पाणी घाला, तळातून निथळेपर्यंत. मग सुकू द्या. रोज घोटभर पाणी घालण्याची सवय वाईट. खालच्या बशीत साचलेलं पाणी ओतून टाका. दुपारी पानं मलूल दिसली तर आधी मातीत बोट घाला. ओली असेल तर पाणी नाही, अजिबात नाही. संध्याकाळपर्यंत झाड सावरलं तर त्याला काही झालेलं नाही. सकाळीही मलूलच असेल आणि माती ओली असेल, तर कुंडीच्या भिंतीला हात लावा. पुन्हा तेच कारण निघेल.

माती आत्ता बदलायची नाही. ती तयारी उष्मा वाढायच्या आधीची: निचऱ्याची माती, थोडं पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) किंवा जाड वाळू. वर सुक्या पाल्याचा पातळ थर चालेल, पण खोडापासून दोन बोटं लांब.

जातीप्रमाणे अपेक्षा ठेवा. गोल पानांवर गडद पट्टा असणारी झोनल जात बरीच सहनशील आहे, तरी कडक उन्हाळ्यात फुलं कमी होतातच. मोठ्या, डागाळलेल्या फुलांची रीगल जात रात्री उकडायला लागल्या की कळ्याच धरत नाही. तिच्यामागे खत घेऊन लागू नका. आयव्हीसारखी लोंबणारी टांगत्या कुंडीत असते, आणि टांगत्या कुंडीला तर चारही बाजूंनी ऊन लागतं. ती उतरवून सावलीत ठेवा. झोनलची कोवळी पानं पांढरट-पिवळी निघाली तर घाबरू नका, कडक उष्णतेत असं होतं, हवा गार झाली की नवी पानं हिरवी येतात. लोह, मॅग्नेशियम असं काहीबाही ओतू नका.

खत: कडक उष्म्यात बंद. झाड वाढत नसताना दिलेलं खत क्षार होऊन मातीत साठतं आणि उरलीसुरली मुळं जाळतं. छाटणीही तशीच. वाळलेली पानं आणि सुकलेल्या फुलांचे दांडे बुडातून मोडून काढा, इतकंच. जून फांद्या उघड्या पाडल्या तर त्यांनाही ऊन भाजतं.

एक काम उष्मा वाढण्याआधी नक्की करा: प्रत्येक रंगाचं एखादं छाट कलम. बोटभर लांबीचा, न फुललेला शेंडा पेराखाली कापा, खालची पानं काढा, काप काही तास सावलीत सुकू द्या, मग जेमतेम ओलसर वाळूत खोचा. प्लॅस्टिकची पिशवी घालू नका, कुजतं. मूळ झाड गेलं तरी जात हातात राहते. आणि हो, कलमाची छोटी कुंडी मोठीपेक्षा लवकर तापते. तीही झाकायची.

कीड: कोरड्या हवेत लाल कोळी. पानांची मागची बाजू बघा, पाण्याने धुवा, तेही सकाळीच. पिठ्या ढेकूण दिसला की कापसाने पुसा. निंबोळी तेल भर उन्हात फवारू नका.

उष्मा ओसरल्यावर जाळी हळूहळू काढा. एक कुंडी उलटी करून मुळं बघा. पांढरी असतील तर झाड एक तृतीयांश छाटून नेहमीच्या निम्म्या मात्रेत खत सुरू करा. तपकिरी, ओढली की साल निघून येणारी असतील तर खत थांबवा, मेलेली मुळं कापा, आणि ताज्या मातीत लहान कुंडीत बसवा.