सहलीहून आणलेल्या वस्तूंनी बेडरूम सजवताय? कोल्हापूरच्या हवेत या चुका टाळा

भुजहून मी लिप्पन कामाची एक गोल फळी आणली होती. मातीची नक्षी आणि तिच्यात बसवलेले शेंगदाण्याएवढे आरसे. राजारामपुरीतल्या आमच्या घरी पलंगाच्या बरोबर वर, पश्चिमेच्या भिंतीवर ती टांगली. उन्हाळाभर काही झालं नाही. श्रावणात एका सकाळी उशीजवळ आरशाचे तीन तुकडे सापडले. फळीच्या मागून हात फिरवला तर लाकूड फुगलेलं आणि माती बोटाला लागत होती. धाकटी त्याच उशीवर झोपते. माझे हातपाय गार पडले.

फळी चांगलीच होती, मी भिंत चुकीची निवडली. कच्छच्या कोरड्या हवेत हे काम वर्षानुवर्षं टिकतं. आपल्याकडे गगनबावड्याइतका पाऊस नसला तरी शहरातही झड पश्चिमेच्या भिंतीवर बसते, आणि गिलाव्याला केसाएवढी भेग असली तरी पाणी आत मुरतं. म्हणून खिळा ठोकण्याआधी भिंत तपासा. जाड प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरची भेग, गच्ची किंवा पलीकडचं बाथरूम बघावं लागेल. थेंब प्लॅस्टिकच्या बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला असतील तर ओल खोलीच्या हवेत आहे. खिडकी उघडा, पंखा लावा, ओले कपडे खोलीत वाळत घालू नका. ही तपासणी पावसाळ्यात केली तरच उपयोग, एप्रिलमध्ये सगळ्याच भिंती कोरड्या दिसतात. आणि कोरड्या भिंतीवरही फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना रबरी बुश लावा, म्हणजे मागून वारा खेळतो आणि बुरशी धरत नाही. काच, आरसे, पितळ असं जड काही डोक्याच्या वर मात्र नकोच.

लाकडाचं दुखणं वेगळं. सावंतवाडीची खेळणी, चन्नपट्टणची लाखेची बाहुली, सहारनपूरची कोरीव फ्रेम, काहीही असो, खाली पिठासारखी भुकटी दिसली की समजा, भुंगा लागलाय. आपण ती धूळ समजून पुसून टाकतो आणि तिथेच फसतो. वस्तू उचलून टाचणीच्या टोकाएवढी भोकं शोधा. लगेच दुसऱ्या खोलीत न्या, नाहीतर पलंगाच्या लाकडालाही लागण होईल. हार्डवेअरच्या दुकानात लाकडाच्या किडीचं औषध मिळतं. हातमोजे घालून ते सिरिंजने भोकात सोडा, भोकं मेणाने बुजवा आणि वस्तू महिनाभर काळ्या कागदावर ठेवा. कागदावर नवी भुकटी पडली तर पुन्हा औषध. लहान मूल तोंडात घालेल अशा खेळण्याला मात्र औषध लावून परत खेळायला देऊ नका.

लोकरीच्या गालिच्याला कसर लागते, आपल्या घोंगडीला लागते तशीच. महिन्यातून एकदा झटकून उलटा करा. घडी घालून ठेवायचा असेल तर वेखंडाची पुरचुंडी ठेवा. डांबरगोळ्या झोपायच्या खोलीत नकोत, त्यांचा वास रात्रभर नाकात जातो.

आता उन्हाचं. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आपण जाणतो. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरून थेट गाभाऱ्यात जातं, कारण ते आडवं येतं आणि त्याची दिशा ऋतूप्रमाणे सरकत राहते. आपल्या पश्चिमेच्या खिडकीतही हेच घडतं. मे महिन्यात सावलीत असलेला कोपरा डिसेंबरात रोज तासभर उन्हात असू शकतो. माझ्या मैत्रिणीने अजरखची, म्हणजे ठशांनी छापलेल्या कच्छी कापडाची, ओढणी खिडकीसमोर लावली होती. दोन हिवाळ्यांत मधला पट्टा फिका झाला, आणि घडीत दडलेला भाग मात्र अजून गडद निळा आहे. नीळ आणि मंजिष्ठेने रंगवलेलं कापड अशा जागी लावायचंच असेल तर इचलकरंजीच्या साध्या सुती कापडाचा पडदा करा आणि चारनंतर ओढून घ्या. फिका पडलेला रंग परत येत नाही.

बदामीहून आलेली मंडळी हमखास एक चूक करतात: तिथला तांबूस रंग चारही भिंतींना देतात. 578 सालचा शिलालेख असलेल्या तिसऱ्या लेण्यात उभं राहून बघा. उजेड समोरच्या मोकळ्या ओसरीतून, एकाच बाजूने येतो, म्हणून दगड उजळतो. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत तोच रंग 6500 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढऱ्या ट्यूबखाली चिखलासारखा दिसतो. रंग लावून झाला असेल तर पुन्हा खर्च करण्याआधी दिवा बदलून बघा. 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर बल्ब, आकडा खोक्यावर असतो, आणि तो छताला नको, पलंगाच्या बाजूला लावा. तरीही खोली कोंदट वाटली तर उशामागची एक भिंत तशीच ठेवून बाकीच्या तीन मोतिया रंगवा.

तारकर्लीची वाळू बरणीत भरली असेल तर आधी गोड्या पाण्याने दोनतीनदा धुऊन कडक वाळवा, नाहीतर मीठ पावसाळ्यात पाणी धरतं. शिंपले उकळून घ्या. प्रवाळ आणूच नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे.

हंपीहून आणलेला दगडी गणपती मी पलंगासमोरच्या फळीवर ठेवला तेव्हा सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "अगं, झोपताना देवाकडं पाय हुतील की!" शोभेची म्हणून आणली तरी मूर्ती ती मूर्तीच, त्यांचं बरोबर होतं. गणपती आता बाहेरच्या खोलीत, ओटीच्या तोंडाशी आहे.

एकाच खोलीत पाच राज्यं मांडायचा मोहही आवरा. एका सहलीची एक वस्तू बाहेर, बाकीच्या ट्रंकेत, आणि दिवाळीच्या साफसफाईला अदलाबदल. तेव्हाच प्रत्येकीची पाठही तपासून होते. लिप्पनची फळी मी उन्हात वाळवून, आरसे पुन्हा चिकटवून घेतली. आता ती आतल्या भिंतीवर, कपाटाशेजारी आहे, आणि मृग लागायच्या आधी मी ती उतरवून कागदात गुंडाळते.