माशांच्या खाद्यावर प्रोबायोटिक कसं चढवायचं

पाण्यावर पांढरी, दोऱ्यासारखी लांब विष्ठा तरंगताना दिसली की मी त्या दिवशीचं खाद्य बंद ठेवते. पूर्वी धावत जाऊन प्रतिजैविक आणायचे. एकदा त्याने मरतूक थांबली, पण पुढे कितीतरी दिवस मासे खाद्यावर येईनात. रोगजंतूंबरोबर आतड्यातले कामाचे जिवाणूही मी मारत होते, हे तेव्हा कळलं नव्हतं. कार्प आणि तिलापियाच्या आतड्यात सेटोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू असतात. ते ब-१२ जीवनसत्त्व तयार करतात. असले सोबती उगाच का घालवायचे?

आधी नुकता मेलेला एक मासा चिरून बघा. आतडं सलग भरलेलं आणि भिंत धड असेल तर काळजी नाही. लालसर, पातळ, आत नुसतं पिवळं पाणी, म्हणजे बिघाड आहे.

प्रोबायोटिकची, म्हणजे आतड्याला उपयोगी जिवंत जिवाणूंची, पुडी घेताना मी बॅसिलस हे जिवाणू असलेली घेते. याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जिवाणू, चिवट. तिलापियाच्या जठरातल्या कडक आम्लातूनही पार होतात. कार्पला तर जठरच नसतं. पुड्यांत मिळणारा दुसरा जिवाणू लॅक्टोबॅसिलस नाजूक, उष्णतेने पटकन मरतो. आता हिशेब. खाद्याच्या दर ग्रॅमला निदान एक कोटी जिवाणू पडावेत असा माझा अंदाज असतो. पुडीवर ग्रॅमला हजार कोटी लिहिलं असेल, तर किलोभर खाद्याला एक ग्रॅम पुरे.

ती भुकटी ५० मिली पाण्यात कालवा. पाणी क्लोरीनचं नको, नाहीतर जिवाणू बादलीतच मरतील. ताडपत्रीवर खाद्य पसरून वरून शिंपडा आणि हलक्या हाताने खालीवर करा. दाणे मऊ पडून फुटायला लागले तर पाणी जास्त झालं. अर्धा तास सावलीत ठेवा, उन्हात मुळीच नाही. मग किलोला १०–२० मिली खाद्यतेल चोळा, म्हणजे पाण्यात पडताच थर धुऊन जात नाही. त्याच दिवशी खाऊ घाला, आणि वीसेक मिनिटांत संपेल इतकंच. तळाशी कुजणारं खाद्य सगळी मेहनत वाया घालवतं.

प्रतिजैविक चालू असताना हे देऊ नका. औषध संपल्यावर सुरू करा. हे जिवाणू आतड्यात सहसा कायमचे वस्तीला राहत नाहीत, म्हणून चार दिवस देऊन सोडण्यात अर्थ नाही. मी रोज एका वेळच्या खाद्यातून देते आणि सकाळी काठावर उकिडवी बसून विष्ठा बघते: आखूड, गडद, लगेच बुडणारी हवी.