व्हायोलिन घेऊन साल्झबर्गला: रात्रीच्या विमानाआधी करायची तयारी

सगळ्यात आधी तारीख नीट वाचा. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर एक ते तीनच्या दरम्यान सुटतात. तिकिटावर १२ जुलै, ०१:१५ असं असेल तर घरातून निघायचं ११ जुलैच्या संध्याकाळी. १२ च्या रात्री विमानतळावर पोचलात तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस उलटलेला असेल. सोडायला येणाऱ्यांनाही ११ च सांगा.

व्हिसा ऑस्ट्रियाचा, विमान म्युनिकला उतरणार असलं तरी, कारण मुक्काम साल्झबर्गला आहे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यात सुट्टीवर निघालेल्यांची गर्दी असते, त्यामुळे मोत्सार्टेउम या साल्झबर्गच्या संगीत विद्यापीठाच्या उन्हाळी अकादमीचं प्रवेशपत्र हाती पडताच अपॉइंटमेंट घ्या. हे प्रवेशपत्र, राहण्याचं बुकिंग आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा छापून हातातल्या पिशवीत ठेवा. पासपोर्ट, पैसे, औषधं यांबद्दल वेगळं सांगायला नको.

आता कस्टम्सचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट. लोक विसरतात ते हेच. वाद्य भारतातून तुमच्यासोबत बाहेर गेलं होतं याची ती सरकारी नोंद असते. ती नसेल, तर महागडं व्हायोलिन परदेशात विकत घेतलेलं नाही हे परत आल्यावर तुम्हाला पटवून द्यावं लागतं आणि ड्यूटीचा प्रश्न उभा राहतो. तारा विसरलात तर साल्झबर्गला मिळतील. रोझिन (गजाला लावायची राळ) मिळेल, काळे बूटही मिळतील. हे सर्टिफिकेट मात्र जातानाच, भारतातच, वाद्य समोर दाखवून घ्यावं लागतं. तिथून फोन करून मागवता येत नाही.

त्यासाठी आठवडाभर आधी फाइल तयार करा. खरेदीचं बिल, किंवा वाद्य जुनं असेल तर व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून किंमत लिहिलेलं पत्र. रंगीत फोटो: पुढून, मागून, वरच्या गुंडाळीचा, एफ-होलमधून, म्हणजे पुढच्या पाटावरच्या f आकाराच्या छिद्रातून, दिसणाऱ्या लेबलचा. मागच्या पाटावरच्या लाकडाच्या रेघा स्पष्ट दिसतील असा एक फोटो हवाच, कारण लेबलं सारखी असू शकतात, रेघा नसतात. आणि बो, म्हणजे वाजवायचा गज! बोचा फोटो वेगळा, काडीवरचा शिक्का जवळून. सर्टिफिकेटवर व्हायोलिन आणि बो अशा दोन वेगळ्या नोंदी झाल्या का, हे काउंटरवरून हलण्याआधी वाचून बघा. चांगला बो काही वेळा व्हायोलिनइतकाच महाग असतो आणि नोंदीत हमखास राहतो तो तोच. दोन झेरॉक्स काढा, एक व्हायोलिनच्या केसच्या (पेटीच्या) खिशात आणि एक दुसऱ्या बॅगेत. मूळ कागद पासपोर्टसोबत.

हीच फाइल युरोपातही उपयोगी पडते. २०१२ साली फ्रँकफर्ट विमानतळावर युझुको होरिगोमे या व्हायोलिनवादिकेचं ग्वार्नेरी बनावटीचं जुनं, मौल्यवान व्हायोलिन कस्टम्सने कागदपत्रांअभावी अडकवून ठेवलं होतं. त्यानंतर युरोपात हातात नेण्याजोग्या वाद्यांसाठीचे नियम सुटसुटीत झाले, तरी वाद्य तुमचंच आहे आणि परत जाणार आहे हे दाखवणारा कागद जवळ असू द्या. बोच्या टोकाची पांढरी पट्टी हस्तिदंताची असेल तर तो बो घरीच राहू द्या. पट्टी हाडाची किंवा प्लॅस्टिकची असेल तर कारागिराकडून तसं लिहून घ्या.

विमान कंपनीला ईमेल करा आणि केसची मापं सेंटिमीटरमध्ये कळवा. चौकोनी केस साधारण ८० सेंटिमीटर लांब असते आणि केबिन बॅगेची लांबीची मर्यादा बहुतेक ठिकाणी ५५ च्या आसपास. व्हायोलिनला सवलत देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत, पण गेटवर उभ्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही. लेखी होकार छापून न्या. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल, तर ज्यांचं विमान त्यांचा होकार हवा. व्हायोलिन लगेजमध्ये टाकायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आता वाद्याची तब्येत. जुलैत मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते, विमानात ती २० टक्क्यांच्याही खाली जाते. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड काही तासांत आक्रसतं, खुंट्या सैल होतात, तारा सुटतात आणि घोडी कलते. चारही तारा अर्धा ते एक स्वर उतरवा, त्याहून जास्त नको. तारा पूर्ण ढिल्या केल्यात तर आतला साउंडपोस्ट (दोन पाटांमध्ये उभी असलेली लाकडी काडी) पडू शकतो आणि तो बसवायला कारागीरच लागतो. घोडीच्या दोन्ही बाजूंना मऊ कापडाची घडी ठेवा. बोचे केस नेहमीपेक्षा जास्त सैल सोडा. कोरड्या हवेत ते आखडतात आणि ताणलेले राहिले तर बोचं डोकं तडकू शकतं. केसमध्ये आर्द्रता राखणारं पाकीट टाका. ओला स्पंज मात्र नको, तो गळतो.

केसच्या खिशातून कात्री, तार कापायची पक्कड आणि अल्कोहोल असलेलं साफ करायचं द्रव आजच काढा. पितळी म्यूट (आवाज दाबायला घोडीवर बसवतात तो) चेक-इन बॅगेत. जादा तारा सीलबंद पाकिटातच ठेवा, सुट्या वेटोळ्या सिक्युरिटीवाल्यांना खटकतात. पॉवरबँक केबिनमध्येच.

विमानतळावर चार तास आधी पोचा. चार तास सर्टिफिकेटसाठी हवेत. कस्टम्सच्या काउंटरवर रात्री अधिकारी बसलेला असेलच असं नाही, त्याला बोलवावं लागतं, मग तो केस उघडून फोटो पडताळतो आणि लिहितो. टर्मिनलमध्ये शिरल्या शिरल्या विचारा, एक्स्पोर्ट सर्टिफिकेट कुठे मिळतं. सिक्युरिटी आणि इमिग्रेशनच्या रांगेत लागण्याआधी विचारा. ‘आधी चेक-इन होऊ दे, मग बघू’ म्हणालात की राहिलंच समजा.

बोर्डिंगला शक्य तितकं पुढे राहा. वरच्या कप्प्यात केस आडवी ठेवा आणि तिच्यावर कोणाची ट्रॉली येत नाही ना, हे कप्पा बंद होईपर्यंत उभं राहून बघा. मग झोपा.

म्युनिकला सकाळी उतरल्यावर एस-८ या लोकलने म्युनिकचंच ओस्टबानहोफ स्टेशन, तिथून प्रादेशिक गाडीने साल्झबर्ग. बायर्न टिकट (बव्हेरिया राज्याचं दिवसभराचं तिकीट) साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत चालतं, पण कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतरच, आणि जलद गाड्यांना चालत नाही. खोलीवर पोचल्यावर केस तासभर बंदच ठेवा, मग हळूहळू सूर लावा. तिथल्या पियानोंचा ‘ए’ स्वर बहुधा ४४२-४४३ हर्ट्झला असतो, ४४० ची सवय असलेल्या तारा एका झटक्यात चढवू नका. साथीच्या पियानोवादकासाठी पियानोच्या नोट्स न्या, नुसती आपली व्हायोलिनची पानं पुरत नाहीत. स्वेटर, छत्री, कार्यक्रमासाठी काळे कपडे. रविवारी बहुतेक दुकानं बंद, खाणं शनिवारीच आणून ठेवा.

परतीला तारा पुन्हा तशाच उतरवा. मुंबईत उतरल्यावर सर्टिफिकेटची मूळ प्रत हातात घेऊन कस्टम्सच्या रेड चॅनेलला (सामान दाखवायच्या वाटेला) जा, कोणी अडवायची वाट बघू नका. अधिकारी व्हायोलिन ताडून बघेल आणि बोही बघेल, तेव्हा ज्याची नोंद आहे तोच बो केसमध्ये असू द्या.