वैमानिकाचा जुना ऑक्सिजन मास्क कसा ओळखावा: ‘ए-१४’चा घोळ

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी मास्कवर ‘ए-१४’ आणि सोबतच्या रेग्युलेटरवरही (मास्कला किती ऑक्सिजन सोडायचा ते ठरवणाऱ्या यंत्रावरही) ‘ए-१४’ दिसलं, की विकणारा छातीठोकपणे सांगतो, जोडी पूर्ण आहे. ती जोडी नसते. तिथे मास्कची क्रमवारी वेगळी, रेग्युलेटरची वेगळी. ए-१४ मास्क चालायचा ए-१२ रेग्युलेटरवर आणि ए-१४ रेग्युलेटरला लागायचा ए-१३ मास्क. म्हणून आधी वस्तू बघायची, शिक्का मागाहून वाचायचा. हाताशी भिंग, टॉर्च आणि मऊ ब्रश असला की भागतं.

१. हा ऑक्सिजन मास्कच आहे ना, याची खात्री करा. डोळ्यांना काचा किंवा गाळणीचा डबा असेल तर तो गॅस मास्क. ‘पायलटचा मास्क’ म्हणून तोच सर्रास खपवला जातो.

२. नळी बघा. नळी बारीक आणि हनुवटीखाली रबरी पिशवी लोंबत असेल, तर तो सतत प्रवाहाचा मास्क, म्हणजे ए-८ च्या घराण्यातला. त्यात ऑक्सिजन अखंड वाहतो आणि सोडलेल्या श्वासाचा काही भाग पिशवीत साठून पुन्हा वापरला जातो. श्वासातला ओलावा उंचावरच्या थंडीत पिशवीत गोठायचा, ही त्याची मोठी खोड. नळी जाड, वळ्यावळ्यांची आणि पिशवी नसेल, तर श्वास ओढला की तेवढाच ऑक्सिजन सोडणाऱ्या पद्धतीचा मास्क: ए-१०, ए-१४ किंवा ए-१३.

३. श्वास बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तपासा. सगळी मेख इथे आहे, तेव्हा घाई नको. मास्क उलटा धरून आत टॉर्च मारा. ए-१४ मध्ये रबराचा साधा पातळ पडदा असतो. आतून जरा जोर लागला की उघडतो. ४० हजार फुटांच्या वर मात्र शुद्ध ऑक्सिजन नुसता ओढून पुरत नाही, तो दाबाने फुप्फुसांत ढकलावा लागतो. अशा दाबापुढे तो पडदा उघडाच राहील आणि ऑक्सिजन फुकट बाहेर जाईल. ए-१३ मध्ये यावर तोड काढली आहे: येणाऱ्या ऑक्सिजनचा दाब व्हॉल्व्हच्या पाठीमागेही पोचवला जातो, त्यामुळे वैमानिक स्वतः श्वास सोडेपर्यंत व्हॉल्व्ह बंद राहतो. साधा पडदा की असा भरपाईचा व्हॉल्व्ह, एवढं दिसलं की मास्क कुठल्या रेग्युलेटरचा, हे ठरलं. व्हॉल्व्ह उचकटून बघू नका. ऐंशी वर्षांचं रबर बिस्किटासारखं तुटतं.

४. रेग्युलेटर वाचा. ए-१२ ला ‘ऑटो-मिक्स’ लिहिलेली तरफ आणि आणीबाणीची लाल मूठ असते. तरफ चालू असताना कमी उंचीवर केबिनमधली हवा मिसळली जाते. उंची वाढेल तसं हवेचं प्रमाण घटत जातं. ए-१४ ची खूण वेगळी: दाब वाढवण्याची फिरती मूठ आणि तिच्याभोवती हजार फुटांतले ४१, ४३, ४५ हे आकडे. ‘ऑटो-मिक्स’ या शब्दांवर विसंबू नका, हवा मिसळण्याची सोय ए-१४ लाही आहे.

५. काळ ठरवा. लेबलवर ‘यू. एस. एअर फोर्स’ असेल तर वस्तू महायुद्धातली नाही. ते दल १८ सप्टेंबर १९४७ ला स्थापन झालं. ड्रॉइंग नंबरमधले (लेबलवर छापलेल्या आराखड्याच्या क्रमांकातले) पहिले दोन आकडे आराखड्याचं वर्ष सांगतात, उत्पादनाचं नव्हे. वैमानिकांच्या चामडी ए-२ जॅकेटचा नंबर ३०-१४१५ आहे, पण ती जॅकेटं १९४२ मध्येही शिवली जात होती. ए-१३ए मास्क तर युद्धानंतरही वर्षानुवर्षं वापरात होता. नळी, पट्टे, मायक्रोफोन हे बदलायचे भाग; त्यांच्यावरच्या तारखा वेगळ्या निघाल्या म्हणजे लगेच नकली म्हणायचं कारण नाही. किंमत मात्र त्या हिशेबाने पाडून मागावी.

ब्रिटिश वस्तूंवर मुकुटाखाली ‘ए. एम.’ (एअर मिनिस्ट्री, म्हणजे ब्रिटनचं हवाई खातं) आणि ‘६डी’ने सुरू होणारा भांडार क्रमांक शोधा. त्यांचा डी प्रकारचा मास्क कापडी, आतून मऊ चामड्याचा. पुढचा जी प्रकार रबरी. ‘केएम-३२’ दिसला तर तो सोव्हिएत. ‘के’ आणि ‘एम’ ही अक्षरं रशियन आणि इंग्रजीत सारखीच दिसतात, म्हणून इतर शिक्के कुठल्या लिपीत आहेत ते बघा.

साफसफाईला कोरडा ब्रश, फार तर ओलं फडकं. रबराला तेल, ग्रीस किंवा व्हॅसलीन लावू नये. रबर फुगतं, आणि तेलकट भागाला दाबाचा ऑक्सिजन लागला तर पेट घेतो. त्या काळच्या अनेक चमकत्या डायलांच्या रंगात रेडियम हा किरणोत्सारी धातू आहे. आज ते चमकत नाहीत, कारण त्यातला प्रकाश देणारा पदार्थ झिजला. रेडियम जवळजवळ तसंच आहे, त्याचं अर्धआयुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे १,६०० वर्षं. काच उघडू नका, रंग खरवडू नका. रेग्युलेटर सिलिंडरला जोडून ‘चालतो का’ हेही बघू नका, आणि मास्क तोंडाला लावायचा मोह तर अजिबात नको.