व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप: आधी साठवणीची रचना तपासावी

व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप होस्टच्या (मशीन ज्यावर चालतात त्या प्रत्यक्ष सर्व्हरच्या) पातळीवर घेणारे सॉफ्टवेअर हायपरव्हायझरने (मशीन चालवणाऱ्या प्रणालीने) हाती दिलेल्या डिस्कच वाचते. त्यामुळे तेच सॉफ्टवेअर एका ठिकाणी मशीन जसेच्या तसे परत उभे करते, तर दुसऱ्या ठिकाणी डेटाबेसची डिस्क वगळूनही काम पार पडल्याची नोंद करते. ही मर्यादा साठवणीच्या रचनेतून येते, म्हणून बॅकअपचे वेळापत्रक आखण्याआधी पुढील तपासणी करावी.

प्रथम प्रत्येक मशीनच्या डिस्कच्या दोन याद्या कराव्यात: एक हायपरव्हायझरच्या सेटिंगमधून आणि दुसरी मशीनमध्ये लॉगिन करून. आतल्या यादीत एखादी डिस्क जास्त दिसली, तर बहुधा अतिथी (मशीनच्या आतल्या) ऑपरेटिंग सिस्टिमने आयस्कझी किंवा एनएफएस या नेटवर्कवरून साठवण जोडण्याच्या पद्धतीने ती स्वतःच जोडलेली असते. अशी डिस्क हायपरव्हायझरला ठाऊकच नसते, त्यामुळे होस्टच्या पातळीवरील कोणताही बॅकअप तिला स्पर्श करत नाही. तिच्यासाठी मशीनच्या आत एजंट (बॅकअप घेणारा छोटा प्रोग्रॅम) बसवावा किंवा स्टोरेजच्या बाजूने स्वतंत्र व्यवस्था करावी.

दोन्ही याद्यांत असलेल्या डिस्कही सरसकट सुरक्षित मानू नयेत. व्हीएमवेअरमध्ये फिजिकल मोडमधील आरडीएम (मशीनला थेट जोडून दिलेला स्टोरेजचा भाग) आणि ‘इंडिपेंडंट’ म्हणून नोंदलेली डिस्क स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे बॅकअप ज्यावरून वाचला जातो त्या डिस्कच्या एका क्षणाच्या गोठवलेल्या स्थितीत, येत नाही. क्लस्टरसाठी (एकमेकांची जागा घेणाऱ्या सर्व्हरांच्या गटासाठी) स्कझी बस, म्हणजे डिस्क जोडण्याचा मार्ग, शेअर केलेली असेल, तर त्या मशीनचा स्नॅपशॉटच घेता येत नाही. व्हर्च्युअल मोडमधील आरडीएमचा स्नॅपशॉट होतो, मात्र पुनर्स्थापनेनंतर ती बहुधा साधी व्हर्च्युअल डिस्क बनून येते, याची जागेच्या हिशेबात आधीच नोंद घ्यावी. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये पास-थ्रू (मशीनला थेट दिलेली प्रत्यक्ष) डिस्कही होस्टकडच्या बॅकअपमध्ये येत नाही. तेथे दोन मशीनमध्ये वाटून घेतलेल्या डिस्कचा होस्टकडून बॅकअप हवा असेल, तर विंडोज सर्व्हर २०१६ पासून उपलब्ध असलेला व्हीएचडी सेट हा प्रकार वापरावा.

यानंतर डेटा कोणत्या मार्गाने वाचला जाणार ते ठरवावे. व्हीएमवेअरमध्ये सॅन (साठवणीच्या स्वतंत्र नेटवर्कच्या) मार्गाने बॅकअप सर्व्हर थेट लन (स्टोरेजने डिस्क म्हणून दिलेला भाग) वाचतो आणि होस्टवर भार पडत नाही. परंतु त्यासाठी फायबर चॅनल किंवा आयस्कझीसारखी सामायिक ब्लॉक साठवण हवी. एनएफएस, व्हीसॅन (होस्टच्या डिस्क एकत्र करून केलेली साठवण) आणि होस्टच्या स्थानिक डिस्क यांना हा मार्ग लागू होत नाही. तेथे हॉटॲड (मूळ डिस्क प्रॉक्सीला, म्हणजे बॅकअपसाठी वाचणाऱ्या मशीनला, तात्पुरती जोडणे) किंवा नेटवर्कचा एनबीडी मार्ग उरतो. सॅन मार्गासाठी विंडोज सर्व्हर वापरताना त्याला लन लिहिण्यास खुले करून देऊ नये, कारण डिस्क व्यवस्थापनात कोणी चुकून ‘इनिशियलाइझ’ केल्यास संपूर्ण डेटास्टोअर (व्हर्च्युअल डिस्क ठेवण्याची जागा) धोक्यात येतो. एनएफएस ३ वर हॉटॲड वापरताना प्रॉक्सी आणि मूळ मशीन वेगवेगळ्या होस्टवर असतील, तर स्नॅपशॉट काढून टाकताना मूळ मशीन काही काळ प्रतिसाद देणे थांबवते. हा काळ सुमारे ३० सेकंदांपर्यंत जाऊ शकतो, आणि क्लस्टरमधील सर्व्हर मृत समजला जाण्यास तेवढा पुरेसा ठरतो. म्हणून अशा रचनेत प्रत्येक होस्टवर एक प्रॉक्सी ठेवावा, नाहीतर सरळ एनबीडी निवडावा. थोडा संथ मार्ग मला येथे अधिक शहाणपणाचा वाटतो.

स्नॅपशॉटला जागा लागते. बॅकअप चालू असताना नवे लेखन वेगळ्या फाइलमध्ये साचत जाते आणि डेटास्टोअर भरला की त्यावरील मशीन थांबतात. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे व्हीएमवेअर सुचवते. तेव्हा अर्धवट राहिलेल्या कामानंतर मागे उरलेले स्नॅपशॉट रोज शोधावेत.

प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीमध्ये गणित वेगळे आहे. तेथील व्हर्च्युअल मशीनचा चालू स्थितीतील बॅकअप मशीन चालवणारा क्यूईएमयू हा प्रोग्रॅम स्वतः घेतो, त्यामुळे स्नॅपशॉट न जमणाऱ्या साध्या एलव्हीएमवरही (लिनक्समधील डिस्क-विभागणीवरही) तो घेता येतो. मात्र कंटेनरचा (होस्टचेच कर्नल वापरणाऱ्या हलक्या वेगळ्या कप्प्याचा) चालू स्थितीतील बॅकअप हवा असेल, तर एलव्हीएम-थिन, झेडएफएस किंवा सेफ यांसारखी स्नॅपशॉट जमणारी साठवणच लागते. शिवाय व्हर्च्युअल मशीनच्या बॅकअपमध्ये अजून न वाचल्या गेलेल्या ब्लॉकवर (डिस्कच्या तुकड्यावर) अतिथी मशीनने लिहिले, की जुना ब्लॉक बॅकअपकडे पोचेपर्यंत ते लेखन अडते. बॅकअपचे ठिकाण संथ असेल, तर मशीनही संथ होते. आवृत्ती ८.२ पासूनची फ्लीसिंग सुविधा हे जुने ब्लॉक तात्पुरते वेगवान स्थानिक डिस्कवर ठेवते, ती येथे जरूर वापरावी. बदललेल्या ब्लॉकची नोंद ठेवणारा बिटमॅप मशीन बंद केल्यावर नाहीसा होतो आणि पुढच्या वेळी सर्व डिस्क पुन्हा वाचावी लागते, म्हणून देखभालीनंतरच्या रात्री जास्त वेळ राखून ठेवावा.

एकाच मशीनच्या डिस्क दोन वेगळ्या स्टोरेजवर असतील आणि स्नॅपशॉट त्या स्टोरेजकडूनच घेतले जात असतील, तर दोन्हींचा क्षण एक असेलच असे नाही. डेटाबेसच्या फाइल एकीकडे आणि लॉग दुसरीकडे असतील, तर हे अंतर घातक ठरते. असे स्नॅपशॉट त्याच यंत्रात राहत असल्याने त्यांना बॅकअप म्हणून मोजू नये.

शेवटी पुनर्स्थापनेची चाचणी मूळ साठवणीऐवजी वेगळ्या साठवणीवर घ्यावी, आणि थिन (वापराइतकीच जागा घेणारी) डिस्क थिक (पूर्ण जागा आधीच घेणारी) होऊन आल्यास जागा पुरते का ते पाहावे. आतून आयस्कझी जोडणाऱ्या मशीनची प्रत सुरू करण्यापूर्वी तिचे नेटवर्क तोडून ठेवावे. तसे न केल्यास ती प्रत मूळ मशीनच्याच ओळखीने चालू लनला जोडली जाईल आणि दोन मशीन एकाच फाइल सिस्टिमवर लिहू लागतील.